दहावीच्या आधीची सुट्टी आणि सगळ्यांच्या दहाव्या

यंदा, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, आम्ही जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न एकच. पाणी घे, बस, प्रवास कसा झाला, हे सगळं नंतर. आधी "यंदा दहावी ना?" मी हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की जणू मला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. मग उपदेश. आणि उपदेश संपला की हमखास त्या माणसाची स्वतःची दहावी. पहिल्या एक-दोन गोष्टी मी नाइलाजाने ऐकल्या, पुढे पुढे मीच विचारायला लागले. त्यामुळे या सुट्टीत मी काय पाहिलं यापेक्षा कोणाची दहावी कशी झाली हेच मला जास्त सांगता येईल.

सुट्टी मिळाली हेच मुळात नशीब. नववीची परीक्षा यंदा २५ एप्रिलपर्यंत ताणलेली आणि क्लासची व्हेकेशन बॅच लगेच पुढे. आईचं मत होतं, कुठेही जायचं नाही. बाबा म्हणाले, आता दहावी, मग अकरावीची ॲडमिशन, मग बारावी, मग ती कुठली कुठली एन्ट्रन्स, ही पोरगी आजोळी जाणार कधी? आई तयार झाली ती एका अटीवर, पुस्तकं सोबत न्यायची. वरच्या मजल्यावरच्या ताईची दहावीची जुनी पुस्तकं आमच्याकडे आलीच होती. ती डोंबिवलीहून बुलढाण्याला गेली, रत्नागिरी जिल्ह्यात गेली आणि जशीच्या तशी परत आली. खोटं नको, विज्ञानातलं गुरुत्वाकर्षण मी खरंच वाचलं.

आई मेहकरची, बाबा संगमेश्वर तालुक्यातले. लग्न कसं जमलं हा वेगळा विषय आहे. आधी मेहकर. कल्याणहून रात्री देवगिरी एक्सप्रेस, पहाटे जालना, पुढे एसटी. वाटेत सिंदखेडराजाला आईने उतरवलंच. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचा जन्म तिथला. मी पाचव्यांदा पाहिला असेन, आई मात्र दर वेळी पहिल्यांदा आल्यासारखी बघते.

मेहकरला एप्रिलअखेरीस दुपारी बारा ते पाच या वेळात कोणी घराबाहेर पडत नाही. कूलरसमोर सगळे ओळीने आडवे, आणि कूलरमध्ये पाणी ओतायची पाळी कोणाची यावरून भांडणं. आजीच्या कुरडया चालू होत्या. भल्या सकाळी भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवतात, तो गरम असतानाच वाटीत घेऊन, दूध-साखर घालून खायचा. माझा भाऊ तेल-मीठ घालून खातो, ते मला मान्य नाही. मामी दर अर्ध्या तासाने "काहून वं, जेवत काहून नाही?" असं विचारायची, मी जेवत असताना सुद्धा.

मामा दहावीला गणितात नापास झाला होता हे मला आत्तापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. गच्चीवर झोपलो होतो तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं. मार्चला गेला, ऑक्टोबरला बसला, काठावर सुटला. आता त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि तो कॅल्क्युलेटर वापरत नाही. "मग तुला गणित येत होतं की!" मी म्हटलं. "हिशोब येत होता. सिद्ध करा म्हटलं की येत नव्हतं." आईला हे उदाहरण माझ्यासमोर दिलेलं अजिबात आवडलं नाही. तिने पलीकडच्या गादीवरून "झोपा आता" एवढंच म्हटलं.

आईची दहावी मला आजीकडून कळली. तेव्हा निकाल पेपरात छापून यायचा, नुसते बैठक क्रमांक, बारीक टायपात, पानंच्या पानं. आबा सकाळीच स्टँडवर जाऊन पेपर घेऊन आले. नंबर सापडेना. आई रडायला लागली, आजीने चूल पेटवली नाही. दुपारी शाळेतले सर सायकलवरून पेढे मागायला आले तेव्हा कळलं की आबांच्या हातातल्या अंकात मधलं एक पान आलंच नव्हतं. इतकी वर्षं ही बाई मला "निकालाचं टेन्शन घ्यायचं नसतं" असं सांगत आलेली आहे.

लोणारला मामाने नेलं. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं ते मी लॉकडाऊनमध्ये फोनवर बघितलं होतं, त्यामुळे भावाची गुलाबीच बघायची तयारी होती. पाणी हिरवट होतं, तो चिडला. काठावर उभं राहिलं की समोरचा काठ पावणेदोन किलोमीटरच्या आसपास लांब, आणि मधला सगळा खड्डा अशनी आदळून झालेला, तोही बेसाल्टमध्ये. वरच्या कडेला धारेचं गोडं पाणी पडतं आणि खाली तळं खारट. उतरून कमळजा देवीपर्यंत गेलो, चढताना माझी आणि मामाची बोलती बंद. एक तक्रार मात्र आहे. असलं काही आपल्या राज्यात आहे आणि दहावीच्या भूगोलाचं अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील. मी ॲमेझॉनच्या खोऱ्यातला पाऊस पाठ करणार. बरं, करते.

निघताना मामेभावाने जखमेवर मीठ चोळलं. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यांची २३ जूनला, आमची १६ ला. अख्खा एक आठवडा! बोर्ड तेच, पेपर तेच.

मधे डोंबिवलीच्या आजीच्या आग्रहाखातर महड आणि पाली एका दिवसात केलं. नवस माझ्या मार्कांचा, पण किती टक्क्यांचा बोलली ते सांगत नाही. पालीच्या देवळामागे सरसगड आहे, तो चढू दिला नाही.

मग कोकण. बाबा रिझर्व्हेशनच्या भानगडीत पडत नाहीत, आम्ही दिवा-सावंतवाडीने जातो. पहाटे दिव्याला धक्काबुक्की, आजीला खिडकी, मग प्रत्येक स्टेशन. वीरपर्यंत लाइन दुहेरी झाली आहे, त्याच्या पुढे एकेरी, त्यामुळे कुठेतरी जंगलात क्रॉसिंगला उभं राहायचं आणि दुसऱ्या गाड्या आपल्याला सोडून जाताना बघायच्या. मला ते आवडतं, इतरांना नाही. संगमेश्वरला उतरून एसटी. आजी पंचाहत्तरच्या वरची, तिला तिकीटच नाही. आई आणि मी महिला म्हणून अर्धं. भाऊ बाराच्या आतला, अर्धं. कंडक्टर बाबांकडे बघून म्हणाला, "म्हणजे फुल तुम्ही एकटेच."

आमच्या वाडीत रेंज नाही. फोन लावायचा तर वर सड्यावर जायचं. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, मे महिन्यात पाय ठेववत नाही. १३ मेला दहावीचा निकाल होता, दुपारी एक वाजता. वरच्या वाडीतला एक दादा आणि दोन मुली परीक्षेला बसलेल्या होत्या, त्यामुळे बाराच्या सुमारास अख्खी वाडी छत्र्या घेऊन सड्यावर. मी पण. एकला साइट उघडेना. सव्वाला कोणाचा तरी फोन लागला, नंबर टाकला, आईचं नाव टाकलं, चक्र फिरतंय. काजूच्या एकुलत्या झाडाच्या सावलीत वीस माणसं एका फोनवर वाकलेली. दादाला ७१ टक्के पडले. त्याच्या आईने पहिल्यांदा विचारलं, "हे चांगले ना रे?" आणि सगळे एकदम हो म्हणाले. मुली दोघी ऐंशीच्या वर. संध्याकाळी कळलं की कोकण विभाग यंदाही राज्यात पहिला, ९८.८२ टक्के. बाबा दोन दिवस आईला "तुमचा अमरावती विभाग कुठे दिसत नाही तो" म्हणून चिडवत होते.

त्या दुपारी सड्यावर मला जरा पोटात गोळा आला, हे मान्य करते. ती तिघं सुटली होती आणि आता रांगेत पुढे मी.

उक्षीचं कातळशिल्प पण याच खेपेला पाहिलं. कातळावर कोरलेला हत्ती, गोल कठड्यावरून बघायचा. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. भावाने विचारलं, हे कोणी काढलं, आणि अण्णा आजोबा म्हणाले, "ज्याला अभ्यास नव्हता त्याने."

अण्णा आजोबा म्हणजे बाबांचे चुलते. ते दहावी झालेलेच नाहीत. दहावीचा बोर्ड १९७५ ला आला, त्याआधी अकरावीची मॅट्रिक, ते तिथले. परीक्षेचं केंद्र देवरुखला. तांदूळ, कुळीथ आणि पांघरूण घेऊन पाहुण्यांकडे राहायचं, पेपर संपेपर्यंत घरी यायचं नाही. आणि नेमका शिमगा. घरी पालखी येणार आणि हा मुलगा देवरुखला बीजगणित करतोय. इंग्रजीच्या पेपरनंतर मधे एक दिवस सुट्टी होती, तेव्हा अण्णा रात्री चालत निघाले, पहाटे घरी पोचले, पालखी खांद्यावर घेतली, जेवले आणि परत चालत देवरुखला. मी विचारलं, मग मार्क किती? "पास झालो," म्हणाले. तेवढंच. आकडा त्यांनी काकूला सुद्धा सांगितलेला नाही म्हणे.

वीस मेनंतर पाऊस सुरू झाला तो थांबेचना. काकूची आंब्याची साठं गच्चीवर वाळत होती, निम्मी फुकट गेली. २५ तारखेला मान्सूनच आला असं जाहीर झालं, तेव्हा आम्ही सामान बांधत होतो. आंबे पिकायच्या आधीच डागळले, बाबांनी तरी दोन पेट्या आणल्या.

क्लास सुरू झालाय. बुडलेला भाग मैत्रिणीच्या वहीतून उतरवतेय, सध्या समरूपता. परवा मी कॅलेंडर बघितलं, पुढच्या वर्षी होळी मार्चच्या सुरुवातीलाच आहे. म्हणजे पालखी घरी येईल तेव्हा माझी परीक्षा बहुतेक चालू असणार. बाबा म्हणतात, ते एकटेच जाऊन येतील. आई म्हणते, कोणीही कुठेही जाणार नाही. आजी म्हणते, मधे सुट्टी आहे का ते आधी वेळापत्रकात बघा.