फातोर्ड्याच्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलची बांधणी कुठून सुरू करायची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २–१ असे हरवले आणि २०२७ मध्ये सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई चषकाची भारताची वाट बंद झाली. लालियानझुआला छांगटेने चौदाव्या मिनिटालाच भारताला आघाडी मिळवून दिली होती. मध्यंतराच्या तोंडावर सोंग उई-यंगने बरोबरी साधली आणि उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल केला. त्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक वेळ हाताशी असूनही भारताला बरोबरी साधता आली नाही. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशनेही आपल्याला १–० असे हरवले. बांगलादेशने भारताला नमवण्याची ही २००३ नंतरची पहिलीच वेळ होती.

आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतल्या आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश हे प्रतिस्पर्धी होते आणि गटवारी झाली तेव्हा चौघांत भारताचेच मानांकन सर्वांत वरचे होते. स्पर्धेत चोवीस संघ खेळतात आणि २०१९ व २०२३ अशा सलग दोन वेळा आपण तिथे पोहोचलो होतो. तरीही या फेरीच्या पहिल्या पाच सामन्यांत आपल्याला एकही विजय मिळाला नाही, केवळ दोन गुण मिळाले आणि पाच सामन्यांत मिळून आपण दोनच गोल केले. मला या सगळ्यात गोलांचा हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण संघाची नव्याने बांधणी करायची असेल तर तिची सुरुवात कुठून व्हायला हवी, हे त्या आकड्यातच दडलेले आहे.

पराभवानंतर आपल्याकडे चर्चा सुरू होते ती प्रशिक्षकापासून. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अपयश आल्यावर जून २०२४ मध्ये इगोर स्टिमॅक यांना हटवण्यात आले. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ वर्षभर एफसी गोवा हा क्लब आणि राष्ट्रीय संघ अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळत होते. दोन पूर्ण वेळाची कामे एका माणसाकडे देण्याचा तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. त्या काळात भारताने आठ सामन्यांत एकच विजय मिळवला. जून २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये अगदी शेवटच्या क्षणांत पेनल्टीवर सामना गेला आणि त्यानंतर मार्केझही गेले. ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. २०११–१२ मधल्या साव्हियो मेदेरा यांच्यानंतर राष्ट्रीय संघाची पूर्ण जबाबदारी प्रथमच एका भारतीय प्रशिक्षकाकडे आली.

जमील यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे आणि तो फातोर्ड्याने कमी झालेला नाही. ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६–१७ च्या आय-लीग या राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून देणारा हा माणूस आहे. राष्ट्रीय संघ हाती आल्यावर अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी ताजिकिस्तानात झालेल्या मध्य आशियाई संघांच्या स्पर्धेत यजमानांना २–१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरे स्थान मिळवले. बचाव शिस्तीत उभा राहिला, प्रत्येकाने आपापली जागा राखली, तर हेच खेळाडू कुठपर्यंत जाऊ शकतात, हे तिथे दिसले. परंतु प्रशिक्षक तीन आठवड्यांच्या शिबिरात बचावाची घडी बसवू शकतो. गोल करणारा आघाडीवीर त्याला शिबिरात घडवता येत नाही. तो वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा, चुरशीचे सामने खेळूनच घडतो, आणि असे सामने आपण आपल्या आघाडीवीरांना देत नाही.

सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला होता. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले, तेव्हा त्याचे वय चाळीस होते. हा निर्णय भावनेपोटी घेतला गेला, असे अनेकांना वाटले. मला तसे वाटत नाही. २०२४–२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये, भारतीय खेळाडूंत सर्वाधिक गोल छेत्रीचेच होते, चौदा. प्रशिक्षकाने गोल करणारा माणूस शोधला आणि त्याला सापडला तो चाळिशीतला छेत्रीच. इथे दोष प्रशिक्षकाला द्यायचा नाही आणि छेत्रीला तर मुळीच नाही. प्रश्न असा विचारायला हवा की, त्याच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असलेले आघाडीवीर त्या हंगामात कुठे खेळत होते?

त्यातले बहुतेक राखीव खेळाडूंच्या बाकावर बसले होते किंवा बगलेला खेळत होते. २०१४ पासून २०२४–२५ च्या हंगामापर्यंत इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान प्रत्येक हंगामात परदेशी खेळाडूलाच मिळालेला आहे. एलानोपासून कोरो, ओगबेचे, दिमित्रिओस दिआमांताकोस आणि अलाएद्दीन अजाराईपर्यंत या यादीत एकही भारतीय नाव नाही. सुरुवातीला मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू उतरवता येत असत, पुढे पाच आणि २०२१–२२ पासून चार. संख्या कमी झाली ही चांगली गोष्ट झाली. पण उरलेल्या चार जागांपैकी एक जागा क्लब हमखास मधल्या आघाडीवीरासाठी राखून ठेवतात, कारण सामना जिंकून देणारी जागा तीच. क्लबच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा नाही. मालकाला गुण हवे आहेत आणि गुण गोलांनी मिळतात. म्हणूनच हा प्रश्न क्लबांच्या सद्भावनेवर सोडून चालणार नाही. एखाद्या स्पर्धेत, निदान सुपर कपमध्ये किंवा देशाच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये (पूर्वीची आय-लीग), मधला आघाडीवीर भारतीयच असेल अशी रचना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला नियमानेच करावी लागेल. असा नियम कृत्रिम वाटेल, हे मला मान्य आहे. पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४–२ असा विजय मिळवून देणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या मैदानांवर मधला आघाडीवीर म्हणून खेळूनच तयार झाला होता, आणि त्या काळी ती जागा त्याच्यासाठी मोकळी होती.

या बाबतीत आपण एक चांगली गोष्ट सुरू केली आणि स्वतःच ती बंद केली, याचे मला मनापासून दुःख आहे. इंडियन ॲरोज हा महासंघाचा स्वतःचा संघ होता. तरुण भारतीय खेळाडूंनाच घेऊन तो आय-लीगमध्ये उतरत असे, त्यात एकही परदेशी खेळाडू नसे. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला आणि त्यानंतर त्या संघातली अनेक मुले ॲरोजकडून खेळू लागली. ती पुष्कळ सामने हरली, कारण अठरा वर्षांची मुले तिशीतल्या परदेशी बचावपटूंना भिडत होती. पण अन्वर अली, सुरेश वांगजाम, जिक्सन सिंग आणि रहीम अली याच वाटेने पुढे आले. फातोर्ड्याच्या आधी पाच दिवस सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी खेळत असताना नव्वदाव्या मिनिटाला ज्याने १–१ अशी बरोबरी साधून दिली, तो हाच रहीम अली. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्याच विश्वचषक संघातला आणि त्याच ॲरोजमधला. २०२२ मध्ये हा संघ बंद करण्यात आला. त्यावर होणारा खर्च तळाच्या पातळीवरच्या युवा स्पर्धांत अधिक उपयोगी पडेल, हा विचार अगदीच चुकीचा नव्हता. पण समवयस्कांशी खेळलेले सामने आणि मोठ्या माणसांशी खेळलेले सामने यांत फरक असतो, आणि वयाच्या अठरा ते एकविसाव्या वर्षी दुसऱ्या प्रकारच्या सामन्यांना पर्याय नसतो.

उझबेकिस्तानने नेमके हेच ओळखले. आपल्या तरुण राष्ट्रीय खेळाडूंचा ‘ऑलिंपिक’ नावाचा क्लब ताश्कंदमध्ये उभारून त्यांनी तो देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळवला. २०२३ मध्ये त्यांनी वीस वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळवले, २०२४ मध्ये त्यांचा संघ पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि जून २०२५ मध्ये तो देश इतिहासात प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्याआधी कित्येक वर्षे विश्वचषकाची पात्रता त्यांच्या हातातून थोडक्यात निसटत होती. प्रत्येक अपयशानंतर वरिष्ठ संघाविषयी जेवढी ओरड झाली असेल तेवढी झाली असेल, पण खालचे काम थांबले नाही, असे त्यांच्या वयोगटांतल्या निकालांवरून दिसते.

आपल्याकडे मात्र खालचे आणि मधले मजले ढासळत गेले. डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे तीन क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांपैकी डेम्पोने देशाचे विजेतेपद पाच वेळा मिळवले होते. मुंबईत महिंद्रा युनायटेडचा संघ २०१० मध्ये बंद झाला आणि मुंबई एफसीचा २०१७ मध्ये. जमील स्वतः महिंद्रा युनायटेडकडून खेळले आणि मुंबई एफसीचे ते अनेक वर्षे प्रशिक्षक होते. म्हणजे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक ज्या दोन क्लबांत घडला, ते दोन्ही क्लब आज नाहीत. कूपरेजवर त्या संघांचे सामने पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही केवळ जुन्या आठवणींची गोष्ट वाटत नाही. एकेक क्लब बंद होतो तेव्हा पंचवीस-तीस खेळाडूंच्या जागा जातात, त्याचा युवा संघ जातो, आणि दादर-परळच्या किंवा कोल्हापूरच्या पेठांतल्या मुलाला वर चढायची एक पायरी कमी होते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांतल्या तालीम मंडळांच्या संघांचे सामने पाहायला आजही गर्दी लोटते, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढतीला तर पेठाच्या पेठा मैदानावर येतात. फुटबॉलचे वेड आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. तिथल्या गुणी मुलाला अठराव्या वर्षी पुढे कुठे जायचे, याचे उत्तर मात्र आपल्याकडे नाही.

आणि मग २०२५ च्या मध्यात वरचा मजलाही हलला. महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यात २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. तो वेळेत नव्याने झाला नाही, त्यामुळे जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम स्थगित झाला. नव्या निविदेला प्रतिसाद मिळाला नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि लीग सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडला, तोही एकेरी फेरीच्या आखूड स्वरूपात. आदल्या हंगामात प्रत्येक क्लब साखळीत चोवीस सामने खेळला होता. या वेळी वाट्याला आले तेरा. सिंगापूरविरुद्धचे दोन्ही सामने खेळायला गेलेल्या आपल्या खेळाडूंपाशी लीगचा एकही सामना नव्हता. हे निमित्त म्हणून मी सांगत नाही, कारण सिंगापूरचा संघही काही आशियातला बलाढ्य संघ नाही. पण करार केव्हा संपतो हे पंधरा वर्षे आधीपासून माहीत असताना ही वेळ यावी, याचा राग येतो.

निराशेच्या याच काळात दोन निकाल असे लागले की, ज्यांच्याकडे फातोर्ड्याच्या धुरळ्यात फारसे कोणी पाहिले नाही. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच घरी २–१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जाण्याची ही भारतीय महिलांची पहिलीच वेळ. २०२२ मध्ये याच स्पर्धेचे यजमानपद नवी मुंबईत आपल्याकडे असताना करोनामुळे आपल्या मुलींना स्पर्धा अर्धवट सोडावी लागली होती. त्या पार्श्वभूमीवर हा विजय मला फार मोठा वाटतो. दुसरा निकाल नोव्हेंबरमधला. वरिष्ठ संघ ढाक्यात हरला त्याच महिन्याच्या अखेरीस, गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली सतरा वर्षांखालील मुलांनी अहमदाबादेत इराणला २–१ असे हरवून आपल्या वयोगटाचा आशियाई चषक गाठला. सोळा वर्षांचा भारतीय मुलगा इराणच्या मुलाच्या मागे नाही. तो मागे पडतो तो पुढच्या चार-पाच वर्षांत.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना आणण्याचा मार्ग सध्या फार चर्चेत आहे. बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. त्याच्या आईचे नाते मुंबईशी आहे. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. इंग्लंडमध्ये वाढलेला हम्झा चौधरी आल्यावर बांगलादेशच्या संघात किती आत्मविश्वास आला, तेही आपण पाहिले. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे असे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतील. मुलांच्या निवडीच्या योजनांचेही तसेच. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारच्या ‘महादेवा’ प्रकल्पाचा गाजावाजा झाला आणि तेरा वर्षांखालील निवडक मुलामुलींना शिष्यवृत्ती जाहीर झाली. ही योजना चांगली आहे. मात्र ती मुले अठरा वर्षांची होतील, तेव्हा महाराष्ट्रात त्यांना दर आठवड्याला मोठ्या माणसांविरुद्ध खेळता येईल असे किती संघ असतील, याचा विचार आत्ताच करावा लागेल.

म्हणून माझे मागणे अगदी मर्यादित आहे. इराणला हरवणाऱ्या त्या मुलांना विखरू न देता, ॲरोजसारखा संघ पुन्हा उभारून त्यांना दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये किमान दोन हंगाम खेळवावे, त्यांनी कितीही सामने गमावले तरी. राज्य लीगचे हंगाम आठ-नऊ महिन्यांचे करावेत, आणि गोवा, मुंबई व कोल्हापूर यांच्या क्लबांना एकमेकांशी खेळता येईल अशी पश्चिम विभागाची एक साखळी स्पर्धा सुरू करावी. मडगाव, कोल्हापूर आणि मुंबई यांमधली अंतरे एका रात्रीच्या प्रवासाची आहेत, त्यामुळे खर्चाची सबब इथे टिकणार नाही. खालिद जमील यांना २०३१ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी संपेपर्यंत राहू द्यावे आणि मधल्या मैत्रीपूर्ण सामन्यांचे निकाल लागतील तसे लागू द्यावेत. त्या फेरीत आज सतरा वर्षांचा असलेला आघाडीवीर विशीत असेल, आणि त्याने तोवर मोठ्या माणसांविरुद्धचे शंभर सामने खेळलेले असावेत.