खेळण्यातला गॅस्पर, नोंद ६ : परतीची वाट

गॅस्पर म्हणजे इथेरियमची एकमत ठरवण्याची पद्धत; तिचं खेळण्यातलं मॉडेल मी लिहितोय. मागच्या नोंदीत रडलो होतो ते आठवत असेल: नेटवर्कमध्ये जरा उशीर घातला की माझे प्रामाणिक व्हॅलिडेटर (ईथर तारण, म्हणजे स्टेक, ठेवून साखळीवर मत देणारे) धडाधड स्लॅश व्हायचे, म्हणजे नियमभंगाबद्दल तारण कापून बाहेर काढले जायचे. दोन रात्री फोर्क-चॉइसवर (साखळीची कुठली फांदी धरायची ते ठरवणारा भाग) संशय घेतला, आणि चोर निघाला एका चिन्हात. प्रत्येक मत एका सोर्स इपॉकपासून (इपॉक म्हणजे मतदानाचा एक फेरा) पुढच्या टार्गेट इपॉककडे जातं. नवं मत जुन्याच्या आधी सुरू होऊन त्याच्या नंतर संपलं, तर तो सराउंड व्होट; त्याला मी वेढा म्हणतो, आणि तो गुन्हा आहे. या वेढ्याच्या तपासणीत सोर्ससाठी 'लहान' ऐवजी 'लहान किंवा समान' लिहिलं होतं. एखादा इपॉक जस्टिफाय झाला नाही (दोन तृतीयांश मतांनी पक्का झाला नाही) की सोर्स तोच राहतो, टार्गेट तेवढं पुढे जातं. ४→५ (सोर्स ४, टार्गेट ५) नंतर ४→६ हे मत अगदी सरळ आहे, माझा कोड मात्र त्यालाच फासावर चढवत होता.

दुहेरी मत (एकाच टार्गेट इपॉकसाठी दोन वेगळी मतं) पकडणं सोपं, बोटावरची शाई बघण्यासारखं. वेढा मात्र वेगळाच प्राणी आहे.

ते सुधारल्यावर होलेस्की या इथेरियमच्या टेस्टनेटचा (चाचणीच्या नेटवर्कचा) प्रसंग चालवून पाहिला. २४ फेब्रुवारी २०२५ ला पेक्ट्रा अपग्रेडच्या वेळी त्या टेस्टनेटवर काही एक्झिक्युशन क्लायंटांमध्ये (व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरांमध्ये) डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे तारण जमा होतं त्या कराराचा, पत्ता चुकीचा होता, आणि बहुमतच चुकीच्या साखळीवर गेलं. माझ्याकडे १०० व्हॅलिडेटर, त्यांतले ७० चुकीच्या बाजूला. दोन तृतीयांशांहून जास्त, त्यामुळे तिथे इपॉक ५ जस्टिफाय झाला आणि सत्तरांनी ५→६ असं मत देऊन टाकलं. इपॉक ८ ला बग काढला. आता योग्य साखळीवर यायचं, तर तिथला शेवटचा जस्टिफाय झालेला इपॉक ४. म्हणजे मत ४→८, जे ५→६ ला बरोब्बर वेढतं. चूक सुधारायला निघालेलेच स्लॅश!

या मतावर सही करायची नाही असं सत्तरांनी ठरवलं, तर उरतात ३०. मग इनॅक्टिव्हिटी लीक: दोन तृतीयांश मतं जमेनात की गैरहजरांचा स्टेक झिजवणारा नियम. गैरहजरांचा स्टेक सुरुवातीला इतका हळू झिजतो की लॉग बघताना कंटाळा येतो. दंड दर इपॉकला वाढत जातो, म्हणून शेवटी घसरगुंडी. ३२ ईथरचे १६ च्या आसपास आले की ते बाहेर फेकले जातात, आणि तेव्हा कुठे तीसांचं बहुमत होतं. साडेचार हजारांवर इपॉक लागले. इपॉक ६.४ मिनिटांचा, म्हणजे जवळपास तीन आठवडे. खऱ्या होलेस्कीवर काही ऑपरेटरांनी ठरवून स्लॅशिंग-प्रोटेक्शन (स्लॅश होईल अशा मतावर सही रोखणारी सोय) बंद केलं होतं. तेव्हा मला तो आततायीपणा वाटला होता, आता तितकासा वाटत नाही.

७० ऐवजी ६० घेतले की सगळं नाट्यच संपतं. चुकीच्या बाजूला काही जस्टिफाय होत नाही, सोर्स ४ च राहतो, मंडळी निमूट परत येतात. एकाच क्लायंटवर दोन तृतीयांश स्टेक नको, हे वाक्य मी आजवर नुसतं मान हलवून ऐकत होतो.

प्रोपोझर बूस्ट (वेळेवर आलेल्या नव्या ब्लॉकला मिळणारं तात्पुरतं जादा वजन) अजून घातलेला नाही. पुढचा रविवार त्यासाठी.