क्रियापद कुठाय?

अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला जीवशास्त्रात मला 25 पैकी 7 मार्क पडले. दहावीला विज्ञान हा माझा सगळ्यात आवडता विषय होता. शाळा मराठी माध्यमाची, सेमीसुद्धा नाही. इंग्रजी पहिलीपासून होतं, कविता पाठ होत्या, अर्ज-पत्र लिहिता यायचं. सायन्सला प्रवेश घेतला आणि महिनाभरात कळलं, की इंग्रजी हा विषय शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून विषय शिकणं वेगळं.

तेव्हा मी धडा उघडून पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे. अडेल त्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहायचे. एका पानाला दोन तास जायचे. पान काळं व्हायचं, पण यात काय सांगितलंय असं कुणी विचारलं तर तोंड उघडत नसे. आईनं विडीच्या मजुरीतून फी भरून ज्या क्लासला घातलं होतं, तिथे उत्तरं लिहून देत आणि पाठ करा म्हणत. मी पाठ केली. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला आणि कुठलं उत्तर कुठे लिहायचं तेच कळेना. वाचायचं कसं, हे तिथे कुणी शिकवलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्यासारखी किती मुलं त्याच बाकांवर बसून सायन्स सोडून गेली.

आम्ही सोलापुरात जोडभावी पेठेत राहतो. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. बाई आयुष्यभर मराठी शिकवत आल्या. दिवाळीच्या सुट्टीत आईनं त्यांच्याकडे माझं रडगाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इंग्रजीची बाई नाही मी. पण वाक्य ते वाक्यच की. उद्या पुस्तक घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अडलेलं एकच वाक्य वहीत उतरवायला लावलं. ते साधारण असं होतं: 'द रेट अ‍ॅट विच वॉटर व्हेपर एस्केप्स फ्रॉम द लीफ डिपेंड्स ऑन टेम्परेचर, लाइट, ह्युमिडिटी अँड विंड.' सगळ्या शब्दांचे अर्थ मी आधीच लिहिले होते, तरी वाक्य कळत नव्हतं.

"क्रियापद कुठाय?" बाईंनी विचारलं.

मी 'एस्केप्स'खाली रेघ मारली.

"बरं. निसटतं कोण?"

"पाण्याची वाफ."

"मग हे पुढचं डिपेंड्स कुणाचं?"

मी गप्प. बाईंनी पेन्सिल घेतली आणि 'अ‍ॅट विच'पासून 'लीफ'पर्यंत कंस केला. कंस झाकून वाच म्हणाल्या. 'द रेट डिपेंड्स ऑन टेम्परेचर.' वेग तापमानावर अवलंबून असतो. मग म्हणाल्या, "आता कंस उघड आणि मराठीत जो-तो लावून बोल." पानातून वाफ ज्या वेगानं बाहेर पडते, तो वेग तापमान, प्रकाश, आर्द्रता आणि वारा यांवर अवलंबून असतो. आठवी-नववीत मार्कांसाठी घोकलेलं मिश्र वाक्य ते हेच. मुख्य वाक्य, गौण वाक्य. फरक एवढाच की आपलं क्रियापद सगळ्यात शेवटी येतं आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग शोधायचं. मधे कंस घुसला की कर्ता आणि क्रियापदाची ताटातूट होते आणि आपण भलत्याच क्रियापदाला धरून बसतो.

त्या एका वाक्यावर पाऊण तास गेला. पण त्यानंतर मी अर्थ शोधायच्या आधी क्रियापद शोधायला लागले. 'इज कंट्रोल्ड बाय', 'आर फॉर्म्ड बाय' दिसलं की बाई म्हणायच्या, "हा तुझा कर्मणी प्रयोग. बायच्या पुढे कर्ता बसलाय, त्याला विचार." विज्ञानाच्या पुस्तकात कर्मणीच जास्त, कारण तिथे कुणी केलं यापेक्षा काय झालं हे सांगायचं असतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला आधी फसवाफसवी वाटली. इंग्रजी धड्याला हात लावायच्या आधी आपलं नववी-दहावीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक काढायचं आणि त्यात तो विषय असेल तेवढा वाचायचा. बाष्पोच्छ्वास म्हणजे पानातून वाफ बाहेर पडणं, पर्णरंध्रे म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, जलवाहिन्या, हे सगळं मला येत होतं की! मग इंग्रजी धड्याची शीर्षकं, आकृत्या आणि आकृत्यांखालच्या ओळी बघायच्या. मग शेवटचे प्रश्न वाचायचे. आणि मग धडा. प्रश्न डोक्यात असले की डोळा उत्तर शोधत फिरतो. बीएस्सीला आल्यावर कळलं की साधारण हीच पद्धत फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1946 मध्ये मांडली होती: आधी नजर फिरवा, प्रश्न तयार करा, वाचा, न बघता सांगा, पुन्हा तपासा. बाईंना ते नाव माहीत नव्हतं. धडा मागून वाच, एवढंच त्या म्हणायच्या.

शब्दांचं मात्र मला वेगळंच कळलं. मला वाटायचं, जीवशास्त्राचे लांबलचक शब्द नडतात. ते नडत नव्हते. ट्रान्सपिरेशन आणि रेस्पिरेशन या दोन्हींच्या पोटात लॅटिनमधला श्वास घेणे हा धातू आहे, आणि आपल्या बाष्पोच्छ्वास नि श्वसन या दोन्हींत संस्कृतचा श्वस् आहे. हे बाईंनी शब्दकोशात बघून सांगितलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. जोडी एकदा लागली की ते शब्द विसरत नाहीत. फोटो म्हणजे प्रकाश, लिसिस म्हणजे सुटणं, तुटणं; फोटोलिसिस वाचल्यावर अर्थ आपोआप लागतो.

नडणारे शब्द साधे होते: रिक्वायर, इंडिकेट, फॅक्टर, रोल, व्हेरी. हा शेवटचा, मधे ए असलेला, म्हणजे बदलणे. मी तो कितीतरी दिवस मधे ई असलेला, खूप या अर्थाचा समजून वाचत होते. 'द रेट व्हेरीज विथ' म्हणजे वेग खूप काहीतरी! अशाच, सगळ्या विषयांच्या पुस्तकांत येणाऱ्या शब्दांची एक यादी न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केली आहे. त्यात 570 शब्दकुलं, म्हणजे एकाच शब्दापासून झालेल्या रूपांचे गट, आहेत आणि हे पाचही शब्द यादीच्या पहिल्याच, सगळ्यात जास्त वापराच्या भागात आहेत. ती यादी मला अकरावीत मिळायला हवी होती. तेव्हा मी एवढंच करायचे: अडलेल्या शब्दाखाली टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच डिक्शनरी उघडायची. दोन टिंबांचे पुष्कळसे शब्द न बघताच कळून जायचे.

संध्याकाळी आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची. पुस्तक मिटून मी तिला धडा मराठीत सांगायचे. एकदा बाष्पोच्छ्वास सांगत होते. तिच्या हातात कापलेलं तेंदूचं पान होतं, शिरा वर आलेल्या. ती म्हणाली, "मग ह्या पानातनं पण पाणी उडतं का? ओल्या फडक्यात नाही ठेवलं तर वळताना फाटतंय बघ." मला उत्तर येईना. पुस्तक उघडलं, आणि जे वाक्य मी तीनदा वाचून सोडून दिलं होतं तेच समोर आलं. त्याच्या मधोमध 'व्हेअरअ‍ॅज' होतं. इव्हॅपोरेशन, म्हणजे बाष्पीभवन, ही नुसती भौतिक क्रिया, तर ट्रान्सपिरेशनवर जिवंत झाडाचा ताबा असतो. व्हेअरअ‍ॅज म्हणजे आपलं 'तर'. आईला सांगितलं, हे पान झाडावर नाही, वाळलेलं आहे. यातून पाणी उडतं ते वाळत घातलेल्या साडीतून उडतं तसं. हाऊएव्हर, देअरफोर, ऑलदो, व्हेअरअ‍ॅज या उभयान्वयी शब्दांना त्या दिवसापासून मी चौकट करायला लागले. लेखक वळतो कुठे ते या चौकटींवरून कळतं.

न बघता सांगण्यात खरंच ताकद आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र पुन्हा वाचणारे पुढे होते. वाचून उठलं की सगळं येतं असं का वाटतं, ते मला यातून समजलं.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर दुसरी युनिट टेस्ट झाली. 25 पैकी 16. चार मार्क स्पेलिंगवर गेले, कारण लिहिण्याचा सराव मी केलाच नव्हता. एका पानाला आता पंचवीस मिनिटं लागत होती. पेपर दाखवायला गेले तेव्हा बाईंनी मार्क बघितलेच नाहीत. माझ्या एका उत्तरावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या वाक्यात तू क्रियापद लिहायला विसरलीस की गं." आणि पेन्सिल शोधायला लागल्या.