प्रायव्हेट व्हर्च्युअल बेस नक्की काय लपवतो

आज दिवसभर सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतलं प्रायव्हेट व्हर्च्युअल इनहेरिटन्स डोक्यात घोळतंय. इनहेरिटन्स म्हणजे एका क्लासने (ऑब्जेक्ट बनवायच्या साच्याने) दुसऱ्या क्लासचा, म्हणजे बेसचा, वारसा घेणं; प्रायव्हेट म्हणजे तो वारसा त्या क्लासच्या बाहेर वापरता येत नाही, आणि व्हर्च्युअल म्हणजे तोच बेस अनेक वाटांनी आला तरी ऑब्जेक्टमध्ये त्याची प्रत एकच. छोटे छोटे क्लास लिहायचे, कंपाइल करायचं, एरर वाचायचा, परत बदलायचं, हेच चाललंय, आणि मजा येतेय. एक गोष्ट आता पक्की बसली, की इथे प्रायव्हेट हे बेस क्लासला कुलूप नसतं, ते फक्त त्या एका वाटेपुरतं असतं.

समजा नोंद नावाचा बेस आहे आणि त्यात छापा नावाचं पब्लिक, म्हणजे सगळ्यांना वापरता येणारं, फंक्शन आहे. वाचक क्लास नोंदला प्रायव्हेट व्हर्च्युअल घेतो, लेखक पब्लिक व्हर्च्युअल घेतो आणि संपादक या दोघांनाही पब्लिक घेतो. संपादकमधून छापा कॉल केलं तर? वाटतं की वाचकमुळे अडणार. पण नाही अडत! व्हर्च्युअल असल्यामुळे ऑब्जेक्टमध्ये नोंद एकच असते, तिच्याकडे जायच्या वाटा मात्र दोन, आणि स्टँडर्डचा (भाषेच्या अधिकृत नियमावलीचा) नियम असा की जी वाट जास्त अ‍ॅक्सेस देते तीच धरायची. व्हर्च्युअल काढलं की नोंदच्या दोन प्रती होतात आणि कंपायलर अँबिग्युअस (दोनपैकी कुठली ते कळत नाही) म्हणून आधीच थांबतो, अ‍ॅक्सेसपर्यंत गोष्ट जातच नाही, कारण आधी नाव शोधलं जातं आणि मग परवानगी बघितली जाते.

हाच क्रम पुढे फार इंटरेस्टिंग होतो. छापा हे व्हर्च्युअल फंक्शन केलं, म्हणजे खालच्या क्लासला ते आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिता (ओव्हरराइड करता) येईल असं, आणि वाचकने ते आपल्या प्रायव्हेट भागात ओव्हरराइड केलं, तर संपादकच्या ऑब्जेक्टवर छापा कॉल करताना वाचकचं फंक्शन सापडतं, ते नोंदमधल्याला झाकतं, आणि ते प्रायव्हेट असल्यामुळे एरर. पण तोच ऑब्जेक्ट लेखकच्या रेफरन्समध्ये, म्हणजे लेखक टाइपच्या दुसऱ्या नावाने, धरून कॉल करा, बिनधास्त कंपाइल होतं आणि रन होताना चालतं ते वाचकचंच फंक्शन! अ‍ॅक्सेस बघितला जातो तो कंपाइलच्या वेळी, समोर दिसणाऱ्या टाइपवरून, प्रत्यक्षात कुठलं ओव्हरराइड चालणार त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मला हा नियम आवडतो, कारण लेखकने जगाला दिलेला शब्द त्यात मोडत नाही.

मग कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बांधणारं फंक्शन. नुसत्या वाचकवरून टिपण नावाचा क्लास काढला. व्हर्च्युअल बेसला कायम वारसाच्या साखळीतला सगळ्यात शेवटचा क्लास बांधतो, म्हणजे टिपणचा ऑब्जेक्ट बनताना नोंद बांधायचं काम टिपणचं, वाचकने आपल्या इनिशियलायझर लिस्टमध्ये (बेस कसा बांधायचा ते सांगणाऱ्या यादीत) नोंदसाठी काहीही लिहिलेलं असो, ते तेव्हा सोडून दिलं जातं. नोंदचा डिफॉल्ट (काहीच न देता चालणारा) कन्स्ट्रक्टर पब्लिक असेल तर काहीच लिहावं लागत नाही, गुपचूप होऊन जातं. पण नोंदला एखादा आकडा द्यावाच लागत असेल तर टिपणमध्ये नोंद(5) असं लिहिलं की एरर येतो, कारण ते नाव वाचकमधून वारसाने आलेलं सापडतं आणि ती वाट प्रायव्हेट आहे. पुढे दोन कोलन लावून ::नोंद(5) लिहिलं की चालतं, बाहेरच्या स्कोपमधलं नाव सगळ्यांचं आहे आणि कन्स्ट्रक्टर तर पब्लिकच आहे. म्हणजे वाचकने लपवलेला बेस टिपणला माहीत असावाच लागतो, आणि हे मला खरंच खटकतं. आतली गोष्ट म्हणून प्रायव्हेट करायचं आणि बांधायची जबाबदारी मात्र खालच्यावर!

याच जबाबदारीचा उपयोग करून पूर्वी लोक क्लास सील करायचे, म्हणजे त्याच्यापुढे वारसा बंद करायचे: व्हर्च्युअल बेसचा कन्स्ट्रक्टरच प्रायव्हेट ठेवायचा आणि फक्त एका क्लासला फ्रेंड करायचं (म्हणजे प्रायव्हेट भाग वापरायची खास परवानगी द्यायची), मग त्याच्याखालच्या क्लासचा ऑब्जेक्ट कोणालाच बनवता येत नाही. 2011 च्या स्टँडर्डमध्ये यासाठीच फायनल हा शब्द आला आणि ती कसरत संपली, बरं झालं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगावीशी वाटते. क्लास लिहिताना बेसच्या आधी नुसतं व्हर्च्युअल लिहिलं तर ते प्रायव्हेट धरलं जातं, स्ट्रक्ट असेल तर पब्लिक. कोड वाचणाऱ्याला कळणार कसं, की हे मुद्दाम केलंय की राहून गेलंय? उद्या प्रोजेक्टमध्ये जिथे जिथे असं नुसतं व्हर्च्युअल आहे तिथे पब्लिक किंवा प्रायव्हेट स्पष्ट लिहून टाकणार आहे, इंटरफेसवाल्या क्लासेसपासून सुरुवात.