टाचा उचला

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा फोन आला तेव्हा शाळेबद्दल पुष्कळ लिहावं असं मनात होतं. लिहायला बसलो आणि बाईंच्या पुढे जाताच येईना. आमच्या बॅचला ‘बाई’ म्हटलं की त्या एकच, जीवशास्त्राच्या. बाकी सर्व शिक्षकांची क्षमा मागून त्यांच्याबद्दलच लिहितो.

15 ऑगस्ट 1980. मी दहावीत होतो. पाऊस उघडला होता, ऊन चटके देत होतं, अंग घामानं चिकचिकत होतं. झेंडावंदन झालं आणि पाहुण्यांचं भाषण लांबलं. मी पहिल्या रांगेत सावधानमध्ये, उपाशीपोटी. हलायचं नाही असं पीटीच्या सरांनी बजावलं होतं. मी पायाचं बोटही हलवलं नाही. कानात गुणगुण सुरू झाली, झेंडा पिवळा दिसायला लागला आणि मी आडवा झालो.

शुद्ध आली तेव्हा कोणी नाकाला कांदा लावत होतं, कोणी काखेत हात घालून मला बसवू पाहत होतं. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, “उठवू नका रे त्याला! आडवाच राहू दे.” त्या मैदानावर बसल्या आणि माझे दोन्ही पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतले. झेंडावंदनासाठी नेसलेली पांढरी इस्त्रीची साडी आणि माझे चिखलानं भरलेले कॅनव्हासचे बूट. तो डाग मला आजही दिसतो.

पुढच्या तासाला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. मला समोर बोलावलं, दंडाला हातरुमाल आवळून बांधला आणि मूठ मिटायला सांगितली. शिरा टरारून वर आल्या. एका शिरेवर त्यांनी बोट दाबून ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं त्यातलं रक्त कोपराकडे सारलं. मधला तुकडा सपाट झाला आणि तसाच राहिला. वरचं रक्त खाली उतरेना. बोट उचललं तशी शीर खालून भरली. “शिरांना आत झडपा असतात. रक्ताला हृदयाकडे जाता येतं, मागे फिरता येत नाही,” बाई म्हणाल्या. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी 1628 साली छापलेल्या पुस्तकात हाच प्रयोग आहे, हेही तेव्हाच कळलं. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर टाकतं तेवढं अख्ख्या शरीरात नसतं, हा हिशोब हार्वेंनी मांडला होता. मग रोज एवढं नवं रक्त येणार कुठून? तेच फिरून परत येत असलं पाहिजे.

नंतर फळ्यावर कर्णिका आणि जवनिका, म्हणजे हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे. (नातीच्या पुस्तकात आता अलिंद आणि निलय आहेत. मला मात्र बाईंचेच शब्द येतात.) हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत, असं त्या सांगायच्या. उजवा फक्त फुफ्फुसांपर्यंत रक्त पोचवतो, डावा डोक्यापासून अंगठ्यापर्यंत. म्हणून डाव्या जवनिकेची भिंत जाड. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला सुमारे 5 लिटर. “पण हृदयाकडे जेवढं येतं तेवढंच ते पुढे देतं. परवा याचं रक्त पायात साठलं, उन्हानं रक्तवाहिन्याही सैलावल्या. हृदयाकडेच कमी आलं, तर मेंदूला कुठून मिळणार?” पायातलं रक्त वर ढकलतात त्या पोटऱ्या. चालताना त्या आवळतात, शिरा दाबल्या जातात, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत. पुतळ्यासारखं उभं राहिलं की हे काम बंद. “उभं राहायचंच असेल तर टाचा उचलत राहा रे.”

मी डॉक्टर झालो नाही. आयटीआय केलं आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर लागलो. 1996 पासून पंपदुरुस्तीचं स्वतःचं वर्कशॉप आहे. घोडबंदर रोडवरच्या कितीतरी सोसायट्यांचे पंप आमची मुलं सांभाळतात, हे अभिमानानं सांगतो. फूट वाल्व, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप, गळला की पंप एअर धरतो. मोटर फिरते, वरची टाकी मात्र कोरडी. नवीन मुलाला हे समजावताना माझ्या तोंडून बाईंचंच वाक्य येतं: येईल तेवढंच पुढे जाईल. दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी येतात, मलाही आल्या. आमच्याकडे तासाला एकदा सगळ्यांनी वीस वेळा टाचा उचलायच्या, असा नियम मी केला आहे. तंबाखू आत आणायची नाही, हा दुसरा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, हेही बाईंनीच सांगितलं होतं.

वर्कशॉप दाखवायला बाईंना एकदा आणायचं होतं. पुढच्या महिन्यात, दिवाळीनंतर, असं करत राहिलो आणि बाई गेल्या. त्यांची प्रयोगशाळाही आता नाही. तिथे संगणकांची खोली झाली आहे. ते आवश्यकच असेल. पण खिडकीजवळच्या त्या लांब टेबलाचं काय झालं, हे कोणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा.

समितीला एकच विनंती आहे. अमृतमहोत्सवाच्या सकाळी झेंडावंदनानंतर भाषणं आहेत, असं पत्रिकेत वाचलं. मुलांना त्याआधी खायला द्या, पाणी द्या आणि भाषणांच्या वेळी खाली बसू द्या. सतरंज्यांचा खर्च मी देतो.