तीन कॉर्डचं सोपं गाणं

गिटार नवीन हातात घेतली की कुणीतरी सांगतंच, अरे नाताळची गाणी घे, सोपी असतात, तीन कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या तीन जुड्यांमध्ये, होतात. खरंय ते. पण सोपं गाणं म्हणजे सगळ्यांना पाठ असलेलं गाणं, हे कुणी सांगत नाही. एखादं अनवट काहीतरी चुकलं तर ऐकणाऱ्याला वाटतं असेल बुवा तसंच, पण जिंगल बेल्स चुकलं की खेळत बसलेलं चार वर्षांचं पोरही मान वर करून बघतं.

मी सुरुवात जिंगल बेल्सनेच केली. धृपदाचे पहिले सात सूर सगळ्यात बारीक तारेवर, तेही मोकळ्या, म्हणजे डावा हात खिशात ठेवला तरी चालतो. आठव्या सुराला मात्र तो बाहेर काढावा लागतो, तिसऱ्या पडद्यावर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, त्या पडदे), आणि इथे माझं बोट रोज एक पडदा अलीकडेच पडायचं. (हे गाणं 1857 सालचं आणि त्यात नाताळचा एकदाही उल्लेख नाही, नुसती बर्फातल्या घोडागाडीची मजा आहे, हे कळल्यावर मला उगाचच फसवल्यासारखं वाटलं.) मग जॉय टू द वर्ल्ड. त्याची पहिली ओळ म्हणजे सरळ अवरोह, सां नि ध प म ग रे सा, एकही सूर न गाळता. आठवडाभर कंटाळत जो सरगम घासत होतो त्याचं वजन जरा बदललं, पहिला सूर लांबवला आणि पुढचे दोन थोडे पळवले, तर गाणंच निघालं की हो! त्या दिवशी मी जेवताना पण टेबलावर बोटं वाजवत होतो.

खरा जीव अडकला तो सायलेंट नाइटमध्ये. हे गाणं 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा साथीला गिटारच होती. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घेतली म्हणतात, पण ती लोकांनी मागाहून जोडलेली गोष्ट. मला तरी उंदीर नकोच आहेत, गिटारसाठीच केलेलं गाणं आहे म्हटल्यावर आपल्याला यायलाच पाहिजे असं वाटतं ना, तेवढं पुरे.

ताल तीन-तीनचा. धड्यात बाण काढून दाखवलेले, खाली खाली वर आणि काय काय, डोक्यात काही शिरेना, शेवटी मनात दादरा धरला, पहिल्या मात्रेला जाड तार आणि मग दोनदा बारीक तारांवर हलका हात, आणि बसलं. पट्टी ‘जी’ (G) घेतली, कारण ‘सी’ (C) घेतली की एफ नावाचा कॉर्ड येतो ज्यात एका बोटाने सहाही तारा एकदम दाबायच्या असतात, आणि तो माझ्या हातून वाजत नाही, नुसता खडखडतो. जी मध्ये तीनच कॉर्ड लागतात, जी, सी आणि डी सेव्हन. तीन वेगळे वेगळे वाजतात, वैताग त्यांच्या मधल्या प्रवासाचा. जी वरून सी वर जाताना सगळी बोटं एकदम उचलायची आणि एकदम ठेवायची, माझी एकेक करून उतरतात, जिना उतरणाऱ्या आजोबांसारखी. एकटा असलो की मी त्यांच्यासाठी थांबतो. गाणारे थांबत नाहीत ना!

24 तारखेला रात्री घरचे सगळे गोल बसले. लेक म्हणाली बाबा फार खाली लावलंय, म्हणून मी ऐटीत पाचव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी वर नेणारा चिमटा, लावला. सुरुवात झकास. पण हे गाणं दिसतं तेवढं साधं नाही, शेवटाकडे एकदम वर चढतं, तिथे पोचल्यावर एकेक जण गप्प होत गेला आणि शेवटी एकटी आत्या उरली, तीही डोळे मिटून. मग कॅपो काढला, पहिल्यापासून.

या खेपेला सी वर वेळेत पोचलो पण परत जी वर यायला उशीर झाला, बोटं अजून हवेतच आणि उजवा हात आपला चालू, आणि काही बिघडलंच नाही. कारण कॅपो नसताना गिटारच्या मधल्या तीन तारा मोकळ्या वाजवल्या की आपोआप जी कॉर्डच वाजतो, डी जी बी, हे मी कधीतरी वाचलं होतं आणि विसरलो होतो. त्या रात्रीचा सगळ्यात स्वच्छ वाजलेला जी तोच, ज्यात माझं एकही बोट नव्हतं. आत्या म्हणाली, हे बघ, आता कसं छान जमलं. मी मान डोलावली आणि दुसरं कडवं सुरू केलं.