हिस्सा नको, तर मग जुने कागद कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. सख्खा भाऊ, चुलतभाऊ, भावजया, माहेरच्या गावातली माणसं, आणि रेकॉर्ड रूममधला तो शिपाईसुद्धा, ज्यानं बाड टेबलावर ठेवता ठेवता विचारलं होतं, "मॅडम, केस कुठल्या कोर्टात आहे?" प्रश्न एकच. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क तू सोडलास, हक्कसोडपत्र रजिस्टर झालं, मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे फेरफार आणि खरेदीखतं कशाला काढतेस? हल्ली त्याला शेपूट जोडलेलं असतं: "कुणबी नोंद शोधताय का?" २०२३ मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हापासून मोडी कागद हातात असलेल्या माणसाबद्दल लोकांना दुसरं काही वाटतच नाही.

केस नाही. कुणबी जातीचा दाखला मला नको. आणि हिस्सा मागायचा असता तर इतकं मागं जायची गरजच नव्हती. २००५ पासून मुलगी जन्मानंच हिस्सेदार आहे, महाराष्ट्रात तर लग्न न झालेल्या मुलींना १९९४ पासूनच तो हक्क होता. आजचा सातबारा आणि एक वकील, एवढ्यावर काम झालं असतं. हे मी भावाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तेच तर. मग कशाला?"

आमच्या घरात एक गोष्ट आहे. श्रीगोंद्याच्या बाजूला बऱ्याच घरांत ती थोड्याफार फरकानं ऐकायला मिळते. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, रोखे आणि खतं बाहेर काढून जाळली, आणि ते लोण भीमेपलीकडं आमच्या तालुक्यातही आलं. आमचे खापरपणजोबा त्यात पुढं होते म्हणे. त्याचा डूख धरून सावकारानं आमचं ओढ्याकाठचं रान घशात घातलं. ही गोष्ट मी शाळेत निबंधात लिहिली, सासरी सांगितली, मुलीला झोपवताना सांगितली. वडील गेल्यावर वाटलं, ते रान नेमकं कोणत्या कागदानं गेलं ते बघावं. खापरपणजोबांचं नाव एकदा तरी शाईत लिहिलेलं बघावं. सुरुवात एवढीच होती.

ज्यांना स्वतःच्या घराचं असं काही काढायचं आहे त्यांच्यासाठी वाट सांगते, कारण मला ती कोणी धड सांगितली नाही. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, आणि तो मागं नेत नाही. तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, गट त्यानंतरचे. त्याआधी सर्व्हे नंबर होते, म्हणून एकत्रीकरणाच्या पत्रकावरून जुना सर्व्हे नंबर आधी काढायचा. मग सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, वर्तुळात दिसतात ते धरून एकेक पायरी मागं जायचं. फेरफारांची वाट हक्कनोंदीच्या कायद्याशी संपते. तो १९०३ चा. त्याच्याही मागं जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयात पक्काबुक, शेतवारपत्रक या जुन्या मोजणीच्या नोंदी, आणि नोंदणी कार्यालयात पुस्तक क्रमांक १, म्हणजे जमीनजुमल्याच्या दस्तांच्या नकलांची वही. तिथं एक सूची नावांची असते, दुसरी मिळकतीची, आणि फी भरली की ती कोणालाही बघता येते. "तुमचा संबंध काय" असं कोणी विचारलं तर नोंदणी कायद्याचं ५७ वं कलम दाखवायचं. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस बरोबर न्यायचा. मला एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र स्वतःच्या पैशानं पिऊ दिला नाही तर रागवायचे.

खापरपणजोबा सापडले. १८८४ चं गहाणखत, ओढ्याकाठचं रान सावकाराच्या कब्जात दिल्याचं. व्याज महिना शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. शेवटी, सही यायची तिथं, "निशाणी नांगर". वहीतली ती नक्कल असल्यामुळं नांगराचं चित्र नाही, कारकुनानं लिहिलेले दोन शब्द आहेत. गुरुजींनी ते वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमचा माणूस होता, त्याला लिहिता येत नव्हतं, आणि त्यानं कागदावर नांगर काढला होता. त्या दिवशी मी भावाला फोन करून सांगितलं, बघ, म्हणत होते ना.

पण रान परत आलं होतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं कोर्टाला खताच्या पोटात शिरून खरा हिशेब बघायची मुभा दिली होती, हप्ते बांधून द्यायची सोय होती. आमच्या खापरपणजोबांना ते हप्ते मिळाले आणि त्यांनी ते फेडले. रान सुटल्याचा कागदही आहे. पुढं गावातल्या पहिल्या फेरफारांमध्ये तेच रान त्यांच्या दोन मुलांच्या नावावर आहे: आमचे पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ. सावकार त्यात कुठंच नाही.

इथं थांबायला हवं होतं असं माझा चुलतभाऊ म्हणतो. ज्याला शोधायचं होतं तो सापडला, शूर नाही तरी चिवट निघाला, पुरे. पण रान आज आमचं नाही, ही गोष्ट तर खरी होती. मग गेलं कसं?

धाकटे पणजोबा १९१८ मध्ये वारले, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत. तेव्हा घरटी माणसं गेली. त्यानंतरच्या फेरफारात त्यांचं नाव कमी झालं आहे आणि सगळं रान पणजोबांच्या एकट्याच्या नावावर चढलं आहे. खाली ओळ आहे: मयताची बेवा हयात आहे, एकत्र कुटुंब असल्यामुळं तिचं अन्नवस्त्र चालवण्याचं कबूल आहे, त्याबद्दल ओढ्याकाठचे सहा एकर तिच्या हयातीपर्यंत तिच्या वहिवाटीस दिले आहेत. तिचं नाव मी तिथं पहिल्यांदा वाचलं. आमच्या घरात ते कोणी कधी उच्चारलेलं नव्हतं. धाकट्या पणजोबांना बायको होती हेच मला माहीत नव्हतं.

तिचं नाव सूचीत शोधायला सांगितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, बायकांची नावं फारशी येत नाहीत. जमीन मोजायला आलेल्या इंग्रजांना सारा कोण भरणार एवढंच हवं होतं, रानात राबतं कोण हे त्यांनी लिहिलं नाही. पण तिचं नाव आलं. १९३१ साली, लिहून देणार म्हणून.

तो दस्त मला जवळजवळ पाठ आहे. वहीचा कागद काठांनी तपकिरी झालेला, आणि मोडी अशी की एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो ते माझ्यासारखीला कळत नाही. गुरुजी बोट न टेकवता, वरून हवेतच ओळ धरून वाचत होते, एका सुरात. कारणे फारखत लिहून देते ऐसी जे. मला मिळत असलेले अन्नवस्त्र व त्याबद्दल वहिवाटीस असलेले रान, याबद्दल रुपये साठ रोख भरून पावले. यापुढे सदर रानावर अगर तुमचे घरावर माझा काहीएक हक्क राहिला नाही. तुमचे दारी मागण्यास येणार नाही. हे फारखत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. ओळख देणार तिचा भाऊ, राहणार कर्जत तालुक्यातलं एक गाव.

मी म्हटलं, शेवटचं पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग पान उलटलं आणि म्हणाले, "पुढचापण तुमचाच दिसतोय. वाचू?"

पुढचा दस्त त्याच तारखेचा, लगतच्या क्रमांकाचा. लिहिणारा तोच, साक्षीदार तेच. पणजोबांनी तेच सहा एकर शेजारच्या घराण्याला चारशे पन्नास रुपयांना कायम खरेदी दिले होते. गुरुजी वाचायचे थांबले तेव्हा बाजूच्या टेबलावर एक वकील कोणाच्या तरी इंडेक्स टूसाठी हुज्जत घालत होते, आणि मला त्यांना गप्प बसा म्हणावंसं वाटलं. चारशे पन्नासातले साठ. एका सकाळी, एकाच ओट्यावर, आधी तिचा अंगठा आणि मग त्यांची सही. पणजोबांना सही येत होती.

आता पणजोबांच्या बाजूनं. मी हे मनातल्या मनात इतक्यांदा मांडलं आहे की भाऊ नव्यानं काही बोलत नाही. १९३१ मध्ये मंदीनं धान्याचे भाव पार बसले होते, सारा मात्र रोखीतच होता. घरात सहा पोरं होती, त्यातले एक माझे आजोबा. एकत्र कुटुंबातल्या विधवेला त्या काळच्या हिंदू कायद्यानं अन्नवस्त्रापलीकडं काही दिलंच नव्हतं. अशा विधवेला पहिल्यांदा काही मिळालं ते १९३७ च्या कायद्यानं, तेही हयातीपुरतं. कागद चोख आहेत, रजिस्टर झालेले आहेत, तिचा सख्खा भाऊ हजर आहे. कोणी म्हणेल त्यांनी फसवलं कुठं?

हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की तिचं फारखत घेतल्याशिवाय ते रान विकता येत नव्हतं हे पणजोबांना नीट माहीत होतं. तिच्याकडं ते रान राहिलं असतं आणि ती जगली असती, तर १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं अन्नवस्त्रापोटी मिळालेली ती जमीन पुरती तिच्या मालकीची झाली असती. १९३१ साली हे कोणाला ठाऊक असणार, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण "तुमचे दारी मागण्यास येणार नाही" हे वाक्य कोणत्या कायद्यानं लिहायला लावलं होतं?

आत्याला विचारलं. आत्या नव्वदीला आली आहे, कान कमी झालेत, आठवण नाही. मी नाव उच्चारलं तशी ती म्हणाली, "ती व्हय. ती यायची की." कधी? "आखाडात. पेरणी झाली की यायची, अन् वढ्याकडनं चक्कर मारून वसरीवर टेकायची. आई सुपात दाणं द्यायची. आमाला सांगायचे, कर्जतकडची बाई हाय. पानी नाय प्यायची आपल्यात." मी विचारलं, "का?" आत्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग म्हणाली, "तुला समदं ठावं हाय अन् मला इचारती."

सावकाराची गोष्ट मग कुठून आली? कोणी मुद्दाम रचली असं मला वाटत नाही. सावकार खरा होता, चोवीस टक्के खरे होते, १८७५ खरं होतं. पण ओढ्याकडं बोट दाखवून पोरांनी "हे आपलं होतं ना?" असं विचारलं की आजोबांना काहीतरी सांगावं लागत असणार, आणि दोन पिढ्यांमागचं गहाणखत तयारच होतं. मुलीला मी ती गोष्ट आता सांगत नाही. तिच्या जागी कोणती सांगायची ते अजून ठरलेलं नाही.

तर, हक्कसोडपत्राबद्दल. ते मी कोणाच्या दबावानं केलं का? नाही. भावानं मागितलंही नव्हतं, तलाठ्यानं वारसनोंदीच्या वेळी सुचवलं आणि सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. मलाही. शहरात राहून जिरायत रानाचं मी काय करणार होते? दोनशेच्या मुद्रांकावर काम झालं, यंत्रावर अंगठा ठेवला, फोटो निघाला, वहिनीनं साडी दिली. माझ्या कागदावरही "राजीखुशीने" आहे. कर्जतकडच्या त्या बाईशी मी स्वतःची तुलना करत नाही, मला पगार आहे, घर आहे, माझं पाणी कोणी तोडलेलं नाही. तरी तो शब्द माझ्या बाबतीत खरा असेल तर तिच्या बाबतीत का नसेल, आणि तिच्या बाबतीत खोटा असेल तर माझ्या बाबतीत कशावरून खरा, हे दोन्ही बाजूंनी मी घासून बघते. भाऊ म्हणतो, तू उगाच आमच्यावर आळ घेतेस. आळ घेत नाही. पण तो विचारतो तेव्हा "छे रे" असं पूर्वीसारखं पटकन तोंडातून निघत नाही, हे त्यालाही कळतं.

सध्या वाद वेगळाच चालू आहे. चुलतभावाला मुलांच्या दाखल्यासाठी वंशावळ करायची आहे आणि माझे सगळे कागद त्याला उपयोगी आहेत. त्यानं तयार केलेल्या वंशावळीत धाकट्या पणजोबांच्या नावाखाली "निर्वंश" लिहून रेघ मारली आहे. मी म्हटलं, तिथं त्यांच्या बायकोचं नाव घाल. तो म्हणाला, नमुन्यात बायकांची नावं लागत नाहीत, उगाच शंका निघतील, दाखला अडकेल. मी म्हटलं, मग माझे कागद वापरू नकोस. त्याला राग आला, आणि तो चुकीचा नव्हता, पोरांच्या प्रवेशाचा प्रश्न आहे. तिचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही, कारण रान घेतलेलं घराणं गावातच आहे आणि त्यांचा यात काही संबंध नाही. पण वंशावळीत ते यायला हवं, यावरून मी हलणार नाही.

तिच्या माहेरच्या गावच्या गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्ममृत्यूच्या वहीची, नक्कल मागितली आहे. आत्या म्हणते ती स्वातंत्र्यानंतरही एक-दोन वर्षं येत होती. म्हणजे त्यापुढची पानं बघायची. वहीत नाव सापडलं तर ती कोणाच्या घरी वारली तेही बहुधा कळेल, भावाच्या की आणखी कोणाच्या. त्या घरी मी जाणार आहे. तिथं काय बोलायचं ते मला माहीत नाही, आणि भाऊ बरोबर येणार की नाही हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.